मेलेल्यांची सत्ता : थॉमस पेन, महारवतन आणि 'बलुतं'

महात्मा फुल्यांवरील व्याख्यान थॉमस पेनच्या नावाशिवाय सहसा पुरे होत नाही. तरुण जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचला असे वक्ता सांगतो, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पेनने काय लिहिले होते, कोणाच्या विरोधात लिहिले होते, त्यातले जोतीरावांच्या उपयोगी काय पडले आणि काय पडणे शक्यच नव्हते, याची चौकशी होत नाही. मी नगर जिल्ह्यात शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हे नाव लग्नपत्रिकेवर कुलदैवताचे यावे तसे येते. यात एक धोका आहे. प्रस्थापित समीक्षकाला फुल्यांचा विद्रोह ही एखाद्या विलायती पुस्तकाची सावली आहे असे म्हणायला आवडते, आणि आपण पेन न वाचता त्याचे नाव घेत राहिलो की त्या समजुतीला आपणच हातभार लावतो. म्हणून पेन नीट वाचायला हवा, आणि आपल्या गावात उभे राहून वाचायला हवा.

पेन १७३७ साली इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावी जन्मला. बाप बायकांच्या कापडी चोळ्यांना ताठपणा देणाऱ्या पट्ट्यांचा कारागीर. पोरगाही त्याच धंद्यात उमेदवारीला बसला. पुढे त्याने तो धंदा सोडला, जकात खात्यात नोकरी केली, ती गेली, मग अमेरिका गाठली आणि १७७६ च्या जानेवारीत 'कॉमन सेन्स' लिहून त्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाला भाषा दिली. बापाचा धंदा सोडला म्हणून त्याच्या गावाने त्याला वाळीत टाकले नाही, एवढी नोंद इथे करून ठेवू. तिचा उपयोग पुढे आहे.

फ्रेंच राज्यक्रांती झाल्यावर १७९० साली एडमंड बर्कने तिच्यावर घणाघाती पुस्तक लिहिले. बर्कचे म्हणणे असे की, १६८८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या वतीने आणि आपल्या वंशजांच्या वतीने राजघराण्याला कायमचा शब्द दिला आहे. तो मोडण्याचा अधिकार आजच्या पिढीला नाही. पेनने १७९१ आणि १७९२ साली दोन भागांत उत्तर दिले, तेच 'राइट्स ऑफ मॅन'. त्याचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगतो. जो मेला त्याचा अधिकार त्याच्याबरोबर संपला. एका पिढीला पुढच्या पिढ्या बांधून ठेवता येत नाहीत, कारण माणसावर माणसाची मालकी नसते, मग पिढीवर पिढीची कुठून असणार? आणि राज्य करण्याची अक्कल बापाकडून पोराकडे रक्तातून जाते असे मानायचे, तर गणिताची अक्कलही तशीच जाते असे मानावे लागेल. वंशपरंपरागत गणिती कोणी ठेवीत नाही, मग वंशपरंपरागत राजा कशाला?

पेनच्या डोळ्यांसमोर राजा होता आणि सरदार होते. वंशपरंपरा त्याला वरच्या मजल्यावर दिसली. आपल्याकडे ती तळमजल्यावरही होती, तिथेच ती जास्त घट्ट होती. वंशपरंपरागत पाटील, वंशपरंपरागत कुलकर्णी आणि वंशपरंपरागत महार. १८७४ सालच्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने या रचनेवर मोहोर उठवली. बर्कचे १६८८ हे पार्लमेंटचे वर्ष तरी होते. महाराच्या बाजूने असा शब्द कोणी, कधी, कुठे दिला होता? बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची दंतकथा आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. दंतकथा हीच सनद, आणि त्या सनदेत पोटातले मूलसुद्धा बांधलेले. सरकारी काम केव्हाही यायचे, रात्रीचेही. घरातला जो बाप्या हाती लागेल तो त्याला जुंपलेला. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा, जो वाटण्या होऊन होऊन रुमालाएवढा उरायचा, आणि गावाकडून बलुते. बलुते ज्याने द्यायचे त्याच्या मर्जीवर. सरकारने कामाला लावलेल्या माणसाचा पगार गावाने द्यायचा, अशी ही व्यवस्था. नोकर सरकारचा, उपाशी मरायचा गावाच्या हातून.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके पकडले. १९२७ सालच्या 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महारवतनावर लिहिले आणि १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. बलुत्याचे पैशात रूपांतर व्हावे आणि ज्याला ही चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून आपली जमीन मोकळी करून घेता यावी, ही त्याची दिशा. विधेयक शेवटी मागे घ्यावे लागले. यातली एक गोष्ट आपल्या लोकांना अवघड वाटते, पण सांगितलीच पाहिजे. विरोध फक्त सरकारचा आणि सवर्णांचा नव्हता. वतन हा मान आहे, आम्ही वतनदार आहोत, असे म्हणणारे आपल्यातही होते. बेडीला दागिना म्हणण्याची ही सवय समजून घेतल्याशिवाय मनुष्यस्वभावावर बोलण्यात अर्थ नाही, आणि पेनकडे या सवयीला नाव नाही. वंशपरंपरेने ज्याला मिळते तो तिला चिकटतो हे त्याने पाहिले. ज्याचे जाते तोही चिकटतो, हे पाहायला त्याला नगर जिल्ह्यात यावे लागले असते.

१६ डिसेंबर १९३९ रोजी श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला वतनदार महार, मांग आणि वेठियांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतनी जमिनीचा प्रश्न तिच्यासमोर होता. हरेगाव हे ऊस आणि साखर कारखान्याचे गाव. भोवती पाटपाण्याची शेती वाढत होती आणि महाराच्या वतनी तुकड्याचा हिशेब मात्र अजून जुन्याच सनदेवर चालला होता.

यानंतर दहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी जेफरसनचा आधार घेतला : प्रत्येक पिढी हे एक वेगळे राष्ट्र समजावे, तिला स्वतःला बांधून घेण्याचा अधिकार आहे, पुढच्या पिढीला बांधण्याचा नाही. जेफरसन हा पेनचा मित्र, आणि विचार दोघांचाही. अभ्यासक हे वाक्य घटनादुरुस्तीच्या कलमापुरते वाचतात, संदर्भही तोच आहे. मला मात्र त्यामागे १९२८ चे विधेयक आणि हरेगावचा मांडव दिसतो. ज्याच्या जातीला मेलेल्यांनी बांधून ठेवले होते त्या माणसाने देशाची घटना लिहिताना तीतून पुढच्यांचे हात मोकळे ठेवले. फुल्यांनी पेन वाचला हे आपण शंभरदा सांगतो. पेनचा हा विचार आपल्या घटनेच्या जन्मवेळी उच्चारला गेला हे आपल्या किती व्याख्यानांत येते?

इथपर्यंत पेन आपल्या बाजूचा आहे. पुढे त्याची आणि आपली वाट फुटते.

पेनची मांडणी अशी की, समाज माणसांच्या गरजांतून जन्मतो आणि सरकार माणसांच्या दुर्गुणांतून. माणसाला माणूस लागतो, म्हणून समाज मुळात चांगला. सरकार ही नाइलाजाने सोसायची गोष्ट. अमेरिकेत युद्ध सुरू झाल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ नीट बसवलेले सरकार नव्हते, तरी व्यवहार सुरळीत चालले, हा त्याचा आवडता दाखला. सरकार बाजूला झाले तरी समाज स्वतःला सावरतो, असा त्याचा विश्वास.

आता हेच चित्र मराठी खेड्यावर ठेवून पाहा. माणसाला माणूस लागतो याचा इतका काटेकोर नमुना जगात दुसरा सापडायचा नाही. सुतारावाचून नांगर नाही, कुंभारावाचून मडके नाही, महारावाचून सांगावा नाही, मेलेले ढोर उचलणे नाही, सरकारी भरणा तालुक्याला पोचणे नाही. राजे आले-गेले, गाव टिकले. १८३० साली मेटकाफने या टिकण्याचेच कौतुक केले. १९१५ साली त्रिं. ना. आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला. गावकामगार आणि बलुतेदार यांची इतकी बारीक नोंद दुसरीकडे नाही, अभ्यासकाने ते पुस्तक वाचलेच पाहिजे. पण गाड्याचे वर्णन गाड्यावर बसलेल्याने केले आहे. चाकाखाली काय आहे हे बघायला खाली उतरावे लागते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मेटकाफचा उल्लेख करून हाच प्रश्न केला : गाव टिकले, पण कोणत्या पातळीवर टिकले?

परस्परांची गरज होती. समता नव्हती. पेनने या दोन गोष्टी एकत्र धरल्या, कारण त्याच्या ओळखीच्या गावात चोळ्यांच्या पट्ट्या करणारा तो धंदा टाकून जकात खात्यात जाऊ शकत होता. जिथे गरजेचा भाव जन्मावरून ठरतो तिथे गरज हीच दावे होते. आपल्या गावात सरकारवाचूनही व्यवस्था होती, शेकडो वर्षे होती, आणि तीच आमची वैरीण होती.

हे सांगणारे सर्वांत मोठे मराठी पुस्तक नगर जिल्ह्यातूनच आले आहे. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा प्रस्थापितांनी त्यात दारिद्र्य पाहिले, काहींनी धक्का पाहिला, आपल्यातल्या काहींनी घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून नाक मुरडले. माझ्या मते ते सत्तेवरचे पुस्तक आहे आणि याची खूण त्याच्या शीर्षकात आहे. आत्मकथनाला लेखकाने स्वतःचे नाव दिले नाही, गावाचे दिले नाही, जातीचेही नाही. त्याने मोबदल्याच्या पद्धतीचे नाव दिले. माणसाची अख्खी जिंदगी त्याला बलुत्यात मिळालेली आहे, कोणाच्या तरी दारात, कोणाच्या तरी मर्जीने.

रचनेकडेही त्याच नजरेने पाहावे. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा दया पवार ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो. दोघे एकच. कायद्याने मोकळा झालेला माणूस आणि गावाने घडवलेला माणूस एका कातडीत राहतात. पहिल्याला दुसऱ्याची लाज वाटते, दुसरा पहिल्याला सोडत नाही. सरकार बदलले, वतन गेले, गाव सुटले, तरी मेलेल्यांची सत्ता आत बसून राहते. पेनच्या पुस्तकात माणूस जन्मतःच हक्क घेऊन येतो आणि जुलूम बाहेरून त्याच्यावर बसतो. बाहेरचा जुलूम काढला की खालचा माणूस धडधाकट सापडतो. दगडू धडधाकट सापडत नाही. त्याला शोधून काढावा लागतो, आणि शोधणाऱ्याचेही हात थरथरतात. मनुष्यस्वभावाबद्दल पेनपेक्षा 'बलुतं'ला अधिक कळले आहे असे मी म्हणतो, तेव्हा ते आपुलकीपोटी म्हणत नाही. ('बलुतं'त आत्मदया आहे, अशी एक टीका होते. ती मला पटत नाही. दया करायला जो 'मी' लागतो तो या पुस्तकात अजून तयार व्हायचा आहे.)

फुल्यांना हा फरक ठाऊक होता. त्यांनी पेनकडून वंशपरंपरेवरचा घाव घेतला, धर्मग्रंथाला प्रश्न विचारण्याची हिंमत घेतली. समाज चांगला आणि सरकार वाईट ही वाटणी घेतली नाही. 'गुलामगिरी' १८७३ साली त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, काळ्या लोकांना दास्यातून सोडवले म्हणून. ती सुटका समाजाच्या चांगुलपणाने आपोआप झाली नव्हती, युद्ध आणि कायदा दोन्ही लागले होते. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते सरकारला दोष देतात तो ते आहे म्हणून देत नाहीत. ते भटकामगारांच्या डोळ्यांनी पाहते म्हणून देतात. कायदा लंडनहून किंवा मुंबईहून निघतो आणि गावात पोचेपर्यंत कुलकर्ण्याच्या दप्तरात शिरतो, हे त्यांनी पाहिले होते. आणखी एक गंमत. ज्या अमेरिकन मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले, त्याच्या मिस फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांना १८४८ ची पुण्यातली शाळा काढायचे बळ मिळाले. आणि पेन तर मिशनऱ्यांचा शत्रू, 'एज ऑफ रीझन'मध्ये बायबलची चिरफाड करणारा. जोतीरावांनी शाळा एकाकडून घेतली, शंका दुसऱ्याकडून घेतली आणि दोघांपैकी कोणाचाही शिष्य होणे नाकारले. सावली असा व्यवहार करीत नाही.

बाबासाहेब याच वाटेने पुढे गेले. 'रानडे, गांधी आणि जीना' या १९४३ सालच्या भाषणात त्यांनी म्हटले आहे की, हक्कांचे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. समाजच हक्काच्या विरोधात असेल तर कायदा, पार्लमेंट, न्यायालय यांतले काहीच पुरे पडत नाही. पेनला समाजाची भीती वाटत नव्हती. बाबासाहेबांना वाटत होती.

ती भीती खरी ठरलेली गावे आमच्या जिल्ह्यात आहेत. जामखेड तालुक्यातले खर्डा शाळेच्या पुस्तकात १७९५ च्या मराठे-निजाम लढाईसाठी येते. त्याच वर्षी पेनने वंशपरंपरागत सत्तेवर आणखी एक पुस्तिका पॅरिसमध्ये छापली होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याच खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आले. कारण सांगितले गेले ते सवर्ण मुलीशी बोलण्याचे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा होता, पोलीस होते, सरकारी वकील होता. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते.

फितूर हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मी तो पेनच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचतो. साक्षीदाराला गावात राहायचे असते. त्याला पाणी, रस्ता, उधारी, मजुरी, दूध घालायची डेअरी, पोराची शाळा या सगळ्यासाठी माणसे लागतात, आणि ती माणसे एकाच बाजूची असतात. माणसाला माणूस लागतो हा पेनचा समाजाचा पाया. न्यायालयाच्या पिंजऱ्यात साक्षीदाराची जीभ धरणारा हात तोच. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार कायद्यात पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले, सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरवला. दुरुस्ती चांगली आहे. कार्यकर्त्यांनी कलम १५ अ पाठ करावे, वकिलाच्या भरवशावर राहू नये. पण साक्ष देऊन तो माणूस संध्याकाळी कोणत्या दुकानातून तेल आणणार, याचे उत्तर कलमात मावत नाही. ते आपल्या संघटनेला द्यावे लागते. पाच-पंचवीस घरांची उधारी आणि मजुरी वर्ष-दोन वर्षे आपण उचलू शकतो का, असा हा प्रश्न आहे, आणि मोर्चा त्याहून सोपा असतो.

आणि हरेगाव. ज्या गावी १९३९ साली वतनदारांनी बाबासाहेबांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले, त्याच गावात २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. संशय घेणारा, न्याय करणारा आणि शिक्षा देणारा एकच. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हातांत हव्यात असे युरोपातल्या पंडितांनी अडीचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे आणि आपल्या घटनेने ते मानले आहे. ते दिल्लीत आहे, मुंबईत आहे.

आता एक युक्तिवाद, जो आमच्या महाविद्यालयांत सवर्ण मुले करतात आणि ज्यापुढे आपली मुले गडबडतात. आमच्या खापरपणज्याने केले त्याची भरपाई आम्ही का करावी? मेलेल्यांच्या पापाचे ओझे जिवंतांवर कशाला? राखीव जागा कशासाठी? हा युक्तिवाद पेनच्या तोंडचा वाटतो म्हणून तो तीक्ष्ण आहे. त्याला शिवी देऊन उत्तर मिळत नाही. उत्तर पेननेच दिले आहे, दुसऱ्या पुस्तकात. १७९७ साली छापलेल्या 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस'मध्ये तो म्हणतो की, जमीन मुळात सर्व माणसांची; ती काहींच्या नावे झाली तेव्हा बाकीच्यांचा वाटा गेला. म्हणून वारसाहक्काने जाणाऱ्या मालमत्तेवर कर बसवावा, त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पौंड द्यावेत आणि पन्नाशीनंतर दरसाल दहा पौंड. हे दान नव्हे, हक्क आहे, असे तो बजावतो. पुढच्या पिढीने मागच्यांचे ओझे वाहू नये हे खरे. मग मागच्यांचा वाडा, विहीर, बागायत आणि आडनावाची पतही वाहू नये. वारसा घेताना वंशपरंपरा आणि देणे द्यायची वेळ आली की पिढीचे स्वातंत्र्य, असा दुटप्पी हिशेब पेनने मान्य केला नसता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली जे भूमिहीन तुरुंगात गेले त्यांनी 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' वाचले नव्हते. त्यांची मागणी त्याच जातीची होती.

मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा १९५८ चा, अंमल १९५९ पासून. चाकरी गेली, जमिनी वतनदारांना पुन्हा दिल्या गेल्या, पण नव्या आणि अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर 'महार वतन', 'वर्ग ६ ब' हे शब्द आजही भेटतात. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. माझे काही विद्यार्थी चिडतात : वतन गेले म्हणता, मग आजोबाच्या जातीची मोहोर माझ्या उताऱ्यावर का? पेनचे पहिले पुस्तक वाचलेला माणूस या मुलांच्या बाजूने उभा राहील. मी राहत नाही. शहराभोवतीच्या आणि कालव्याखालच्या ६ ब जमिनींवर कोणाकोणाचा डोळा आहे हे ज्याने पाहिले तो ही शर्त काढा म्हणणार नाही, निदान आज तरी नाही. त्या मुलांना मी दुसरे काम सांगतो. आपल्या गावच्या तलाठ्याकडून ६ ब जमिनींचे जुने फेरफार काढा, १९५९ साली किती एकर कोणाच्या नावे होते आणि आज कसणारा कोण आहे ते गटवार लिहून आणा.

अकोले आणि श्रीरामपूर तालुक्यांतल्या चार मुलांनी हे सुरू केले आहे. एकाच्या वहीत आतापर्यंत सव्वीस फेरफार जमले आहेत.